न मागितलेली वाट

“आधी दूध गेलं, मग साखर गेली. आता चहात काय पाहुणेच ढवळायचे?”

माझ्या मानेमागे कुणीतरी पुटपुटलं. पिठाच्या रांगेत आम्ही बायका इतक्या चिकटून उभ्या होतो की तिच्या घोंगडीची लोकर माझ्या मानेला टोचत होती.

“हळू बोल,” दुसरी म्हणाली. “पुढे ती भारतीण आहे.”

“असू दे. तिला ‘केवढ्याला’ आणि ‘फार महाग’ एवढंच येतं.”

मला सगळं येत होतं. चार वर्षं झाली होती त्या देशात. शाळा सातवीत सुटल्यापासून मी जे काही शिकले ते असंच, दुसऱ्यांच्या बोलण्याला कान लावून. इंग्रजी नवऱ्याच्या रद्दीतून, आणि त्यांची सेसोथो भाषा नळावर. पण मी मागे वळले नाही. वळले असते तर तिला लाज वाटली असती आणि मला भांडावं लागलं असतं. भांडायला माझ्याकडे काही नव्हतं. मला तिचं पटत होतं.

देश लेसोथो. १९८६चा जानेवारी, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा; घोंगडी मात्र तिथे बारमाही. नकाशात पाहाल तर दक्षिण आफ्रिकेच्या पोटात अडकलेला हरभऱ्याचा दाणा. वीस वर्षांपूर्वी इंग्रज आपला झेंडा उतरवून गेले, तिथल्यांनी स्वतःचा चढवला, राष्ट्रगीत म्हटलं. पण पीठ, पेट्रोल, औषधं, काडेपेटी, सगळं नदीवरच्या पुलावरून यायचं, आणि पुलाची पलीकडची बाजू गोऱ्यांच्या राजवटीची. आमचे हे राजधानीत, मासेरूच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. आमच्या पासपोर्टवर शिक्का होता, की दक्षिण आफ्रिका सोडून कुठेही जा. त्या राजवटीशी भारताने संबंध तोडले होते आणि ह्यांना त्याचा भारी अभिमान. गडहिंग्लजला सुटीवर गेलो की पासपोर्ट उघडून ते पान लोकांना दाखवायचे. आणि आम्ही राहत होतो त्या देशाला चारही बाजूंनी तोच देश होता!

पाहुणे म्हणजे पलीकडून जीव घेऊन पळून आलेली पोरं. शाळेत मोर्चे काढलेली, पोलिसांनी नावं लिहून घेतलेली. नदी उतरून यायची आणि ज्या घराचं दार उघडेल तिथे राहायची. त्यांना कुणी निर्वासित म्हणत नसे. ह्या लोकांचं राज्यच मुळी पळून आलेल्यांनी उभं केलेलं; जुन्या काळी डोंगरावरच्या त्यांच्या राजाने येईल त्याला पोटाशी धरलं, ही गोष्ट तिथे पाळण्यातल्या पोराला सांगतात. त्यामुळे पाहुण्याला ‘जा’ म्हणायची सोयच नव्हती. पाहुण्याने निघताना यजमानाकडे वाट मागायची, ‘मला वाट द्या’ म्हणायचं, आणि यजमानाने म्हणायचं, ‘घे, पांढरी वाट असो.’ न मागता वाट देणं म्हणजे अंगणात थुंकून हाकलण्यासारखं.

नववर्षाच्या दिवशी पलीकडच्यांनी पूल आवळला. बंद केला असं कुणी म्हणालं नाही. ‘तपासणी कडक केली आहे’ म्हणाले. एकेका ट्रकला आठ आठ दिवस तपासत होते. पाहुणे घालवा, मग पूल सोडू, हा त्याचा अर्थ.

रांगेतून निम्मं पोतं पीठ घेऊन मी घरी आले तेव्हा थोको स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून परीक्षानळी उन्हात धरून बघत होती.

“कुठला रंग?” मी विचारलं.

“पिवळा. जरा नारिंगीकडे.”

आमची केतकी तेव्हा नऊ वर्षांची. सातव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. रोज सकाळी तिच्या लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून नळी तापवायची. निळी राहिली तर देव पावला. मग हिरवी, पिवळी, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. आपल्या शाळेचा स्पिरिटचा दिवा आणून हे तो प्रयोग करायचे तेव्हा मला हसू यायचं, की बापाला घरात पण तास घ्यायला मिळाला. टोचायचं काम मात्र थोकोचं. मला सुई बघवत नसे. थोको बावीस वर्षांची. नर्सचं शिक्षण अर्धं टाकून, नदीच्या कमरेएवढ्या पाण्यातून आली होती. आमच्या घरमालकिणीच्या मागच्या खोलीत दीड वर्ष राहत होती. काचेची सिरिंज उकळून, केतकीला मांडीवर घेऊन, काहीतरी गाणं गुणगुणत ती असं टोचायची की केतकी विचारायची, “झालं?”

“इन्सुलिन किती दिवसांचं उरलंय?” मी विचारलं.

“पूर्ण दिलं तर तीन. मी निम्मं देते आहे, मा-केतकी. म्हणून तर हा रंग.”

मा-केतकी म्हणजे केतकीची आई. तिथे बाईला पोराच्या नावाने हाक मारतात, अगदी आमच्या गल्लीतल्यासारखी. घरमालकीण तशीच मा-लिनेओ. तिची लिनेओ लग्न होऊन डोंगरात गेलेली, नवरा पलीकडच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली. त्या देशातले निम्मे बापे त्या खाणींत होते. म्हणजे घरात पाहुणी लपवायची ज्यांच्यापासून, नवऱ्याची भाकरी त्यांच्याच हातात. मा-लिनेओला हे कळत नव्हतं असं नाही. ती अंगण झाडायची. विचार करायची वेळ आली की ती अंगण झाडायची, आणि त्या महिन्यात आमच्या अंगणात मातीच उरली नव्हती.

औषधाच्या दुकानदाराने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “बाई, तुमचं इन्सुलिन निघालंय. ट्रक पुलावर आहे.” मग दुकानाच्या मागे नेऊन बोट दाखवलं. दिसत होता. हिरव्या ताडपत्रीचा. आमच्या गडहिंग्लजच्या घरापासून बस स्टँड असेल तेवढ्या अंतरावर माझ्या पोरीचं औषध उन्हात उभं होतं. रोज दुपारी मी जाऊन बघून यायची. त्याच्या टपावर कबुतरं बसायची.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरने कपाट उघडून रिकामं दाखवलं. मा-लिनेओ चिठ्ठी घेऊन पुलावर पायी जाणाऱ्यांच्या रांगेत दिवसभर उभी राहिली. संध्याकाळी त्यांनी सगळी रांगच परत पाठवली. मग हे गेले. शाळेत घालायचा कोट घालून, पासपोर्ट घेऊन. तासाभरात परत आले आणि खुर्चीत बसले.

“अहो, काय म्हणाला?”

“त्याने पासपोर्ट चाळला. ते पान काढलं. दुसऱ्याला बोलावून दाखवलं.” हे चष्मा पुसत होते. “म्हणाला, साहेब, मी तुम्हाला अडवत नाही. तुमचंच सरकार अडवतंय.”

“मग?”

“मग काय शालन. बरोबरच आहे त्याचं.”

त्या दिवसानंतर ह्यांनी तो पासपोर्ट कधी कुणाला दाखवला नाही.

मंगळवारी मा-लिनेओच्या नवऱ्याचं पत्र आलं. नाताळाआधी लिहिलेलं, सुटीवर आलेल्या कुणा खाणकामगाराच्या खिशातून, मग दुसऱ्याच्या, असं महिनाभर फिरत पोचलेलं. मा-लिनेओचा चष्मा फुटला होता आणि नवी काच अर्थातच पुलावर होती. तिने पत्र थोकोच्या हातात दिलं. नेहमीप्रमाणे. आम्ही तिघी पीचच्या झाडाखाली बसलो होतो. त्या वर्षी झाड असं लगडलं होतं की फांद्या टेकू लावून धरल्या होत्या. गावात खायला दुसरं फारसं काही नव्हतं, सगळे पीच खात होते, आणि केतकीला एक फोडही चालत नव्हती.

थोको वाचत होती. “माझ्या बायको, मी बरा आहे. खोकला आहे. लिनेओला सांग, बाळाचं नाव मी आल्याशिवाय ठेवू नका. इथे सगळे बोलतात की आपलं सरकार असंच करील तर आम्हाला गाडीत भरून घरी धाडतील. म्हणून म्हणतो, आपल्या घरात जी…”

ती थांबली. कागद जरा लांब धरला.

“पुढे शाई फुटली आहे, मा-लिनेओ. मग खाली एवढंच, तुझा नवरा.”

“त्याचं पेन तसलंच आहे,” मा-लिनेओ म्हणाली. “लग्नातलं.”

मी थोकोच्या खांद्याशी बसले होते. सेसोथो मला हळूहळू का होईना, वाचता येत होती. शाई कुठेच फुटली नव्हती. लिहिलं होतं, ‘आपल्या घरात जी पाहुणी आहे तिला म्हणावं, वाट माग.’

थोकोने पत्र घडी घालून परत दिलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. मा-लिनेओ उठून झाडायला लागली. मला तेव्हा वाटलं, मा-लिनेओला चष्म्याशिवाय पण वाचता आलं असावं.

त्याआधी सोमवारी एक घडून गेलं होतं ते सांगायचं राहिलं. सकाळी रेडिओवर भक्तिगीतांऐवजी बँड वाजला आणि फौजेने कारभार हातात घेतल्याचं सांगितलं. जुने पंतप्रधान गेले. लोक रस्त्यावर नाचले. हे म्हणाले, “स्वतंत्र देशात सरकार बदललं की लोक नाचतात. पण इथलं कुणी, कुठे बसून बदललं, ते कळत नाही.” नाचणाऱ्यांत रांगेतली ती घोंगडीवाली पण असेल. मी खिडकीतून बघत होते आणि एकच विचार डोक्यात, आता पूल उघडेल. मंगळवारी उघडला नाही. बुधवारी नाही. रेडिओवर ‘शेजाऱ्याशी सलोख्याची बोलणी’ चालली होती. काय बोलत होते ते रेडिओ सांगत नव्हता आणि सगळ्या मासेरूला ठाऊक होतं.

थोकोचं विचाराल तर, ती बुधवारी नेहमीसारखी टेकडीवर गेली. तिची आई पलीकडच्याच गावची. दर बुधवारी नदीच्या त्या काठाला कपडे धुवायला यायची, डोक्याला लाल रुमाल बांधून. आई धुवायची, ही टेकडीवरून बघायची. हात करायचा नाही, पलीकडे पोलीस असतात. दीड वर्षं ह्या दोघींची एवढीच भेट.

“आज दिसली?” मी विचारलं.

“चादर धूत होती. एकटीने पिळत होती.” मग म्हणाली, “मा-केतकी, डोळ्यांना काही दिसत असलं ना, की माणूस लांब गेलं असं वाटत नाही.”

गुरुवारी नळी नारिंगी. शुक्रवारी मी नळीकडे बघितलंच नाही, थोकोच्या तोंडाकडे बघितलं. केतकी सारखं पाणी मागत होती. दुपारी तिला कुशीत घेतलं तर तिच्या श्वासाला वास येत होता, गोडसर, पिकल्या पीचसारखा. मी तिचं तोंड उघडून बघितलं.

“चोरून खाल्लंस का गं?”

“नाही आई. शप्पथ.”

थोकोने वाकून वास घेतला. ती उठली आणि औषधाची बाटली उजेडाला धरून किती उरलंय ते बघितलं.

“तिने खाल्लं नाही,” म्हणाली. “अंगात साखर फार साठली की असा वास येतो. तिला मारू नका.”

शनिवारी सकाळी आठला न्ताते मोखेथी आले. न्ताते म्हणजे आपलं काका म्हणा. सरकारी कचेरीतले म्हातारे कारकून, मा-लिनेओच्या नवऱ्याचे शाळासोबती. काखेत वही होती. ते पीचखालच्या बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. थोको माझ्या स्वयंपाकघरात पडद्याआड सुई उकळत होती. आधणाचा आवाज बाहेर येत होता.

“मा-लिनेओ, बरी आहेस?”

“बरी आहे, न्ताते.”

“घरात पाहुणं कुणी?”

“पीच आहेत. टोपीभर घेऊन जा.”

त्यांनी एक घेतला, शर्टाला पुसला, खाल्ला नाही. “मी कुणाला काही सांगायला आलो नाही. आपल्यात तशी रीत नाही. वहीत पण काही लिहिलेलं नाही, बघ.” त्यांनी खरंच कोरं पान उघडून दाखवलं. “फक्त असं आहे, की चर्चच्या पटांगणात बारापर्यंत एक बस उभी आहे. विमानतळावर विमान आहे. ज्याला कुणाला प्रवास करावासा वाटेल त्याला झांबियाला नेणार. वाटेत कुणी हात लावणार नाही, तसं कबूल झालंय.”

“आणि ज्याला वाटणार नाही?” हे म्हणाले.

“त्याचं कबूल झालेलं नाही, मास्तर.”

डिसेंबरात नदीपलीकडून माणसं येऊन मासेरूत घरात घुसून पाहुण्यांना मारून गेली होती. कोण आलं ते सगळ्यांना माहीत होतं. त्या बाकावर कुणी ते नाव काढलं नाही.

म्हातारे उठले. फाटकापाशी थांबून, आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, “मुलगी कशी आहे, मा-केतकी?”

कुठली मुलगी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग नऊ वाजले. ह्यांनी घड्याळाला किल्ली दिली. भरलेल्या घड्याळाला परत दिली. मा-लिनेओने झाडू घेतला. थोकोने बाटली उलटी धरून, टिचक्या मारून, तळाचं सगळं सुईत ओढलं आणि केतकीला टोचलं. गाणं म्हटलं नाही. रिकामी बाटली धुऊन खिडकीत उपडी ठेवली, जणू उद्या त्यात काही भरायचं होतं. मग केतकीला दोन्ही गुडघ्यांत घेऊन तिच्या डोक्यावर बारीक बारीक वेण्या घालायला बसली. तिकडच्या पद्धतीच्या, डोक्याला चिकटलेल्या. त्या घालायला तीन तास लागतात. म्हणजे बारा वाजतात.

दहा वाजले. मला तिचा राग यायला लागला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, पण आला होता. माग ना गं वाट! तुला रीत ठाऊक नाही का? तुझी भाषा हीच. तू मागितलीस की आम्ही रडू, नको म्हणू, तुझा हात धरू, आणि मग देऊ. एवढं तरी कर. आमचा चांगुलपणा तेवढा आमच्याजवळ राहू दे.

तिने मागितली नाही. ती माझ्याकडे बघत पण नव्हती. तिची बोटं चालत होती आणि ती अधूनमधून मान वळवून टेकडीकडे बघत होती. झांबियातून ती टेकडी दिसत नाही.

ह्यांनी एकदा तोंड उघडलं. “थोको, मला असं वाटतं…” म्हणाले, आणि मग म्हणाले, “आज ऊन फार आहे.”

“हो सर,” थोको म्हणाली.

पुढचं आधीच सांगून टाकते. पूल त्याच दिवशी उघडला. हिरव्या ताडपत्रीच्या ट्रकमधलं औषध उन्हाने वाया गेलेलं निघालं. त्याच्या मागून आलेल्या ट्रकमधलं केतकीला मिळालं, तेव्हा ती इस्पितळात डोळे मिटून पडली होती आणि डॉक्टर म्हणाला, अर्धा दिवस उशीर झाला असता तर. आता ती पुण्यात असते, पेनासारखी सुई स्वतःच पोटाला टोचते आणि मला म्हणते, आई, तू बघू नकोस. मा-लिनेओचा नवरा मे महिन्यात सुटीवर आला आणि नातीचं नाव ठेवलं. थोकोचं काय झालं ते मला माहीत नाही. झांबियातल्या लुसाकाच्या पत्त्यावर ह्यांनी तीन पत्रं टाकली. तिच्या आईला कुणी सांगितलं का, तेही माहीत नाही. नंतरच्या बुधवारी मी टेकडीवर गेले होते. लाल रुमाल होता. मी खाली बसले, म्हणजे तिला उभी कुणी दिसू नये.

केतकीने लहानपणी शंभरदा विचारलं, वेण्या अर्ध्या टाकून थोको का गेली? मी सांगत आले, तिने वाट मागितली, आम्ही दिली. हे मागे वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. ते पान उलटायचे. मा-लिनेओने पण सगळ्या आळीत हेच सांगितलं. सगळ्यांनी सगळ्यांना हेच सांगितलं.

पण त्या दिवशी अकराला दहा मिनिटं कमी होती. अर्धं डोकं झालं होतं. केतकीची मान थोकोच्या गुडघ्यावर कलली, आणि ती झोपली असं मला वाटलं. थोकोने बोटं थांबवली. तिचा कान ओढला, हलकेच. मग गालावर चापटी मारली. केतकीने डोळे उघडले नाहीत.

“मा-केतकी,” थोको म्हणाली.

मा-लिनेओचा झाडू थांबला. हे खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. तिघंही माझ्याकडे बघत होती. मी सेसोथोत बोलायला गेले, पण त्या भाषेत ते वाक्य बनेना. मग रद्दीतून शिकलेल्या माझ्या इंग्रजीत, एकेक शब्द जोडत, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

“थोको, तू गेलीस तरच तो ट्रक येईल.”